बॅटरी कुठे थांबवायची, ते पंपावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीच्या पानावर फवारणी पंप घेताना काय पाहावे याची माहिती नुकतीच आली होती. टाकी १६ लिटरची घ्यावी की २० ची, नोझल कोणते, पाठीवरचे पट्टे कसे असावेत, सगळे नीट सांगितले होते. बॅटरीबद्दल मात्र एकच वाक्य होते: ‘बॅटरी पूर्ण चार्ज करूनच वापरावी.’ वाक्य बरोबर आहे, पण अर्धे आहे. भरायची कुठपर्यंत ते त्यात आले, उतरू द्यायची कुठपर्यंत ते राहून गेले. माझ्या दुकानात येणाऱ्या पंपांच्या बॅटऱ्या बहुतेक त्या दुसऱ्या टोकालाच मेलेल्या असतात, म्हणून हे पत्र.

मी वणीला दुरुस्तीचे दुकान चालवते. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड केला. त्याच्या आधीपासून वडिलांच्या हाताखाली रेडिओ आणि टेप उघडत होते. आता रेडिओ कोणी आणत नाही. फवारणी पंप येतात, टॉर्च, डोक्याला बांधायचे दिवे, इमर्जन्सी लाईट, दाढीचे ट्रिमर, किराणा दुकानातले काटे येतात. ज्याच्या पोटात बॅटरी आहे ते सगळे माझ्याकडे येते आणि सगळ्यांची तक्रार एकच: “ताई, चार्जिंग पकडत नाही पाहा.”

पंपाचेच आधी सांगते. आत बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची (अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप) शिशाची बंद बॅटरी असते, म्हणजे दोन-दोन व्होल्टची सहा घरे. पूर्ण भरून काही तास निवांत ठेवलेली चांगली बॅटरी मीटरवर १२.८ च्या आसपास दाखवते. १२.२ दाखवली तर ती निम्मी झाली असे समजावे. पंप चालू असताना मोजले तर १०.५ व्होल्ट, म्हणजे घरामागे पावणेदोन, ही तिची खालची वेस. तिथे थांबायला हवे. मोटार मात्र थांबत नाही. ती नऊला फिरते, आठलाही कुंथत फिरते, आणि फवारा पडतो आहे तोवर माणूसही थांबत नाही. चार ओळी उरल्या असताना पाठीवरचा पंप उतरवून घरी कोण जाईल? मीही गेले नसते. म्हणून हे काम माणसावर सोडूच नये, यंत्राने करावे. या आपोआप थांबण्याच्या सोयीला कट-ऑफ म्हणतात.

वेस ओलांडली की आत काय होते ते थोडक्यात सांगते. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. लगेच चार्जिंगला लावली तर हे सल्फेट मोडून प्लेटा आणि आम्ल पूर्ववत होतात. बॅटरीचे रोजचे काम ते हेच. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर त्या बारीक कणांचे मोठे, टणक स्फटिक होतात आणि मग चार्जरचा करंट त्यांना मोडू शकत नाही. वर आठ अँपिअर-अवर छापलेले असते, आत दोनही उरत नाहीत. अगदीच तळाला गेली तर आम्लाचे जवळपास पाणी होते, सल्फेट त्यात थोडे विरघळते, आणि पुढच्या चार्जिंगला प्लेटांमधल्या पडद्यातून शिशाचे तंतू वाढून एखादे घर आतल्या आत शॉर्ट होते. अशी बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली तरी मीटर दहा-साडेदहाच्या पुढे जात नाही. तिला औषध नाही.

‘आठ अँपिअर-अवर’ या आकड्याचेही एक आहे. तो बहुधा २० तासांच्या हिशोबाने काढलेला असतो, म्हणजे बॅटरीतून ०.४ अँपिअर इतका बारीक करंट घेतला तर. पंपाची मोटार दोन-अडीच अँपिअर ओढते. त्या ओढीला आठातले सगळे मिळत नाहीत. म्हणून भागाकार करून कोणी ‘साडेतीन तास चालला पाहिजे’ म्हणत भांडायला आला, तर दुकानदार खोटे बोलला असे नाही आणि गिऱ्हाईकही चुकला असे नाही. डब्यावर कोणत्या करंटला किती वेळ हे छापले असते तर भांडणच झाले नसते.

आमच्या भागात खरा घात होतो तो संक्रांतीनंतर. तुरीची, हरभऱ्याची शेवटची फवारणी आटोपली की पंप धुऊन (कधी न धुता) टिनाच्या खोलीत टांगला जातो, तो थेट आषाढात कपाशीवर मावा-तुडतुडे दिसले की खाली उतरतो. शिशाची बॅटरी नुसती पडून असली तरी २५ अंशाला महिन्याला तीनेक टक्के आपोआप उतरते, आणि तापमान दहा अंश वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. वणीचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला टिनाखाली काय होत असेल ते सांगायला नको. शेवटच्या फवारणीत पार उतरवून तशीच टांगलेली बॅटरी तर पहिल्या दिवसापासूनच सल्फेट घट्ट करत बसते. मग जुलैत माझ्या दुकानापुढे रांग लागते. मी हजाराच्या आसपासची नवी बॅटरी बसवते, आणि सहा महिन्यांत मेली म्हणून शिव्या कंपनीला पडतात.

दुकानात मला नेहमी ऐकू येते की, ‘एवढ्या स्वस्त वस्तूत कुठून बसवणार असली कट-ऑफची सोय?’ ज्यांना असे वाटते त्यांनी किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पाहावा. त्यातही शिशाचीच बॅटरी असते, चार किंवा सहा व्होल्टची. ती उतरली की चांगला काटा पडद्यावर ‘लो’ दाखवतो आणि वजन दाखवायचे सोडून देतो, कारण पडत्या व्होल्टेजवर दाखवलेल्या वजनाचा भरवसा नसतो. व्यापाऱ्याच्या तराजूला जी शिस्त लागू आहे ती शेतकऱ्याच्या पंपाला का नको? खिशातला मोबाईलही रोज हेच करतो. ० टक्के दाखवून तो बंद पडतो तेव्हा त्याचा सेल रिकामा झालेला नसतो. तीन व्होल्टच्या वर काही राखून त्याने स्वतःहून दार लावलेले असते. तसे केले नसते तर सेल लवकर मेला असता.

एका विक्रेत्याने मला याचे उत्तर दिले होते आणि ते मला पटले नाही तरी खोटे वाटले नाही. ते म्हणाले, “ताई, कट-ऑफवाला पंप दिला की गिऱ्हाईक आठ दिवसांत परत आणतं. म्हणतं, शेजाऱ्याचा पंप जास्त वेळ चालते, माझाच मधात बंद पडते.” हे खरे आहे. शेजाऱ्याचा पंप त्याची बॅटरी खात चालतो हे त्या दिवशी दिसत नाही, पुढच्या हंगामात दिसते. आणि जास्त वेळ म्हणजे किती? बॅटरीचे व्होल्टेज बराच वेळ सपाट चालते आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखे पडते. साडेदहाच्या खाली उरलेला वेळ काही मिनिटांचा असतो. त्या मिनिटांसाठी हजार रुपये.

आता टॉर्चकडे येते, कारण तिथे गोष्ट इतकी सरळ नाही.

स्वस्त चार्जिंग टॉर्चमध्ये चार व्होल्टची छोटी शिशाची बॅटरी असते आणि चार्जिंगसाठी ट्रान्सफॉर्मर नसतोच. २३० व्होल्टच्या लाईनला सरळ एक कपॅसिटर लावलेला असतो. साधारण १ मायक्रोफॅरडचा असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या लाईनवर त्यातून सत्तरेक मिलिअँपिअर जातात, ते डायोडमधून एकाच दिशेने वळवून बॅटरीत. व्होल्टेजवर ताबा ठेवणारे काहीच नाही. बॅटरी भरली तरी करंट चालूच, रात्रभर, सकाळपर्यंत. आतले पाणी आटते आणि बॅटरी कोरडी होते. म्हणजे वरही लगाम नाही, खालीही नाही. चार्जिंगला लावलेला असा टॉर्च कृपा करून उघडू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका. आतला प्रत्येक तुकडा थेट लाईनला जोडलेला असतो.

त्यापेक्षा बरे टॉर्च लिथियम सेलवर चालतात. त्यातला लांबट सेल १८६५० नावाने ओळखला जातो: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, शेवटचे शून्य गोल आकाराचे. हा भरतो ४.२ व्होल्टला आणि उतरवायचा तो तीन व्होल्टपर्यंत, काही सेल अडीचपर्यंत चालतात. चांगला १८६५० साधारण ३५०० मिलिअँपिअर-अवर धरतो, तेव्हा बाजारातल्या सेलवर ९९०० छापलेले दिसले तर तो आकडा छापणाऱ्याच्या उत्साहाचा समजावा.

पांढरा एलईडी जवळपास तीन व्होल्टवर पेटतो. साध्या टॉर्चमध्ये सेल आणि एलईडी यांच्यामध्ये नुसता रेझिस्टन्स असतो. सेल उतरत जातो तसा उजेड मंद होत जातो आणि माणसाला आपोआप कळते की आता आवरायला हवे. मंद होणारा उजेड हा गरिबाचा इशारा होता. मग लोकांना शेवटपर्यंत एकसारखा उजेड हवा झाला, म्हणून टॉर्चमध्ये रेग्युलेटर आला. तो सेलचे व्होल्टेज कितीही खालीवर झाले तरी एलईडीला ठरलेलाच करंट देतो. छान. पण ही ताकद कुठून आणतो? एलईडीला तीन वॉट लागतात असे धरा. सेल चार व्होल्टला असताना रेग्युलेटर त्यातून पाऊण अँपिअर ओढतो, आणि सेल तीनला उतरला की एक अँपिअर. वाटेतली घट धरली तर त्याहून जास्त. सेल जितका थकतो तितकी त्याच्याकडून जास्त ओढ. म्हणून रेग्युलेटर बसवला की कट-ऑफ बसवलाच पाहिजे. रेग्युलेटर आहे आणि कट-ऑफ नाही, असा टॉर्च साध्या टॉर्चपेक्षा लवकर मरतो आणि मरेपर्यंत लख्ख पेटतो.

बरे, कट-ऑफ बसवला की झाले? इथे मला एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने अडवले. काका हिवाळ्यात जागलीला, म्हणजे रात्री शेत राखायला जातात. आमच्याकडे तुरीवर, हरभऱ्यावर रानडुकरे आणि रोही (नीलगाय) येतात, टिपेश्वर अभयारण्याकडच्या पट्ट्यात वाघही आहे, आणि शेतीची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते. ओलिताला रात्री उठावेच लागते. काकांनी चांगला, महागातला टॉर्च आणला होता आणि म्हणाले, “याच्यातली ते हिरवी पट्टी काढून टाक.” पट्टी म्हणजे सेलच्या बुडाशी असलेले संरक्षक सर्किट. मी म्हटले, काका, तिच्यामुळे तर सेल जगतो. ते म्हणाले, “सेल जगते, पण मी? काल बांधावर होतो अन् खटकन अंधार. पायाखाली काय आहे दिसते का? सेल मेला तं दुसरा घेता येते.”

मी पट्टी काढली नाही. पण त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही आणि अजून येत नाही. न सांगता दिवा मालवणारे संरक्षण फक्त सेलचे असते. त्यात त्या पट्टीचाही दोष नाही. ती तिच्या जागी शेवटची राखणदार म्हणून असते. अशा पट्टीवर बहुधा डीडब्ल्यू०१ नावाची मुंगीएवढी चिप आणि दोन मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, एका डब्यात असतात. सेल ४.२५–४.३ च्या वर गेला की ती भरणे तोडते, २.४–२.५ च्या खाली गेला की उतरणे तोडते, शॉर्ट झाले तर लगेच तोडते. अडीच व्होल्ट ही रोज थांबायची जागा नाही. रोजचे थांबणे टॉर्चच्या सर्किटने करायचे, त्याच्या किती तरी आधी, आणि पायरीपायरीने.

काकांच्या टॉर्चमध्ये मग मी एक छोटी जोडणी केली. टीएल४३१ नावाच्या चिपकडून अडीच व्होल्टचे पक्के माप घ्यायचे, कंपॅरेटरने (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या चिपने) सेलचे व्होल्टेज त्याच्याशी ताडून पाहायचे. सेल ३.४ ला आला की मोठा करंट बंद आणि एलईडी ५० मिलिअँपिअरवर. उजेड एकदम कमी होतो, पण बांध दिसतो, पाय ठेवायची जागा दिसते. दोन हजार मिलिअँपिअर-अवरच्या सेलमध्ये पाच टक्केच उरले असे धरले तरी ते शंभर होतात, म्हणजे ५० च्या हिशोबाने दोन तास. जागलीवरून घरी यायला दोन तास पुरतात. नंतर तीन व्होल्टला पूर्ण बंद.

यात एक बारकावा आहे, तो न पाळल्याने घरी प्रयोग करणारी पोरे फसतात. ओझे काढले की बॅटरीचे व्होल्टेज थोडे वर येते. तीनला तोडले, सेल ३.२ वर आला, सर्किटला वाटले बरे झाले, पुन्हा जोडले, पुन्हा पडले. टॉर्च लुकलुकत राहतो, पंप असेल तर मोटार झटके देते आणि रिले (जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच) तडतडून मरतो. म्हणून तोडण्याचा आणि पुन्हा जोडण्याचा आकडा वेगळा ठेवावा लागतो. १२ व्होल्टच्या पंपाला मी १०.८ ला तोडते आणि १२.५ च्या वर आल्याशिवाय जोडू देत नाही. मोजायची तार थेट बॅटरीच्या टोकाला लावते. मोटारीच्या बारीक तारेत अर्धा व्होल्ट सहज हरवतो आणि भरलेली बॅटरी रिकामी वाटते. तयार कट-ऑफ बोर्ड आमच्याकडे दीडशे ते अडीचशेत मिळतो. कारखान्यात हजारोंनी बसवायचे म्हटले तर याच्या कितीतरी कमी पडेल.

पॉलिटेक्निकची मुले प्रोजेक्ट घेऊन येतात त्यांनाही हेच सांगते. बॅटरीपुढे ७८०५ (पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर) लावून मोकळे होतात. तो बिचारा काही काम नसतानाही पाचेक मिलिअँपिअर पीत असतो. हजार मिलिअँपिअर-अवरची बॅटरी दोनशे तासांत, म्हणजे आठ-नऊ दिवसांत नुसती बसून खलास. शिवाय पाच व्होल्ट द्यायला त्याला सात तरी लागतात. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ‘मॅडम, काल चालत होतं’ हे मी नेहमी ऐकते.

त्या डीडब्ल्यू०१ चिपमुळे होणारा एक गैरसमजही सांगून टाकते, कारण त्यात लोकांचे पैसे जातात. चिपने सेल तोडला की बाहेरून मीटर लावल्यावर शून्य दिसते. अनेक ठिकाणी लगेच सांगतात, सेल मेला, नवा घ्या. बऱ्याचदा तो मेलेला नसतो, कुलूप लागलेले असते आणि नुसता चार्जर लावला की उघडते. मात्र पट्टीच्या आत, थेट सेलवर मोजून दोन व्होल्टच्या खाली निघाला आणि तो महिनोन्‌महिने तसाच पडून होता, तर त्याचा मोह सोडावा. इतक्या खाली सेलमधल्या तांब्याच्या पत्र्याचे तांबे द्रवात उतरते आणि पुन्हा भरताना नको तिथे साचते; आत शॉर्ट तयार होतो. दुसऱ्या बॅटरीचा ‘झटका’ देऊन असे सेल जागे करायची पद्धत सर्रास चालते. झटक्याने ते जागे होतात हे खरे. पुढे कधीतरी उशीजवळ चार्जिंगला लावलेले असताना ते तापतात.

कायद्याचे म्हणाल तर काहीच नाही असे नव्हे. लिथियम सेल आणि बॅटऱ्यांना आयएस १६०४६ हे भारतीय मानक आहे आणि त्याची नोंदणी सक्तीची आहे. पण ते सेल सुरक्षित आहे की नाही एवढे पाहते. पंपाने किंवा टॉर्चने आपली बॅटरी कुठे सोडून द्यावी हा त्याचा विषय नाही, आणि माझ्या रांगेतल्या शिशाच्या बॅटऱ्या तर त्यात येतही नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे. चांगले आहे. शिशाची बॅटरी भंगारवाला किलोवर घेतोच, आम्ल कुठे ओततो ते विचारू नये. लिथियमच्या बारक्या सेलला आमच्याकडे कोणी विचारत नाही, ते उकिरड्यावर जातात. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यावी असा नियम लागू होतो आहे. आपल्याकडे मी अजून गोंदाने चिकटवलेले टॉर्च सुरीने फोडते.

माझी मागणी त्या मानाने लहान आहे. पंप, टॉर्च, इमर्जन्सी लाईट, काहीही असो, खोक्यावर आणि वस्तूवर आकडे छापावेत: किती व्होल्टला चार्जिंग थांबते, किती व्होल्टला इशारा मिळतो, किती व्होल्टला बंद होते. यातली एखादी सोय नसेल तर ‘नाही’ असे छापावे. बॅटरीवर तिच्या उत्पादनाचा महिना असावा, कारण गोदामात वर्षभर पडलेली बॅटरी ‘नवी’ म्हणून विकली जाते ती आधीच निम्मी गेलेली असते. आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून जे पंप अनुदानावर मिळतात त्यांच्यापासून हे सुरू व्हावे. सरकार स्वतः पैसे मोजते तिथे तपशिलात एक ओळ वाढवायला कोणाची हरकत असणार? ‘भार असताना १०.५ व्होल्टच्या खाली जाण्याआधी पंप आपोआप बंद व्हावा व त्याआधी दिवा किंवा आवाजाने सूचना मिळावी.’ कृषी खात्याने शब्द बदलावेत, आकडा बदलू नये. बाकीचा बाजार मागून येतो, कारण त्याच कारखान्यातून तोच पंप दुकानातही जातो.

तोवर आपल्या शेतीच्या पानावर ते वाक्य पुढच्या वेळी पूर्ण छापावे एवढी विनंती. फवारा बारीक झाला की थांबा, त्याच रात्री चार्जिंगला लावा, हंगाम संपला की पूर्ण भरून बॅटरीची एक तार सोडवून ठेवा, टिनाखाली नको, घरातल्या थंड कोपऱ्यात. उन्हाळ्यात दर दीड-दोन महिन्यांनी एकदा भरा. मीटर असेल तर १२.४ च्या खाली दिसली की वाट न पाहता लगेच भरा.

आपली,
दुरुस्ती दुकानवाली एक वाचक
वणी, जि. यवतमाळ

ता. क. – ज्यांच्या पंपावर व्होल्टचे लाल आकडे दाखवणारा छोटा मीटर आहे त्यांनी आज एक गोष्ट पाहावी. स्विच बंद केल्यावर आकडे विझतात का? माझ्याकडे आलेल्या एका पंपात मीटर स्विचच्या अलीकडे, थेट बॅटरीला जोडलेला होता. असा मीटर वीसेक मिलिअँपिअर खातो, म्हणजे आठ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी चारशे तासांत, सोळा-सतरा दिवसांत, खुंटीवर टांगल्या जागी रिकामी. आकडे विझत नसतील तर मीटरची लाल तार स्विचच्या पलीकडे घ्या. कोणताही वायरमन पाच मिनिटांत करून देईल.